काचेतल्या डोंगराकडे निघालेला तडा

निरगुडसरला आमच्या घरात कपबशांचा संच कधी पुरा राहिला नाही, आणि त्याचं सगळं श्रेय माझं. पाटी, कंदिलाची काच, लोणच्याची बरणी, आजोबांच्या चष्म्याची उजवी बाजू. माझ्या हातून काय फुटलं नाही ते विचारा. आई वैतागायची. पण माझ्या हातात दोष नव्हता, मला फक्त फुटलेलं बघायची घाई असायची. बशी पडली की घरातले सगळे माझ्याकडे बघायचे आणि मी बशीकडे. स्टीलचं ताट पडलं की पोचा येतो, पोळपाट पडला की नुसता आवाज होतो, मग बशीनंच का दुभंगायचं? आणि तीच बशी आधी चार वेळा पडून धड राहते, मग पाचव्यांदा वीतभर उंचीवरून पडून का फुटते? असं विचारलं की पाठीत धपाटा बसायचा. उत्तर कुणाकडेच नव्हतं, शाळेतल्या सरांकडेही नव्हतं.

ते मिळालं सासरी. लग्न होऊन जुन्नरला आले ती नेमकी काचेच्या दुकानात. बाजारपेठेत माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे आण्णांचं, काच आणि फोटोफ्रेमचं दुकान. नवरा स्लायडिंगच्या खिडक्या बसवायला दिवसभर बाहेर, त्यामुळे दुकानात आण्णा आणि मी. माहेरच्यांनी जाताना बजावलं होतं की दुकानाकडे फिरकू नकोस, पहिल्याच आठवड्यात दिवाळं निघेल. मी तिसऱ्या दिवशी दुकानात जाऊन बसले.

आण्णांनी कटर रॉकेलमध्ये बुडवला, पट्टीला टेकवला आणि अख्ख्या तावावरून एक रेघ ओढली. एकच. मग रेघेच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून जरासं दाबलं. टक. पाच फूट काच रेघेवरून सरळ दोन झाली. माझ्या अंगावर काटा आला. मी म्हटलं, "आण्णा, तुम्ही कापली कुठं? तुम्ही तर नुसता ओरखडा काढला."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "कापतंय कोण? आपण निसतं सांगायचं, बाई, हितनं जा. जायचं काम तिचं ती करती."

त्या एका वाक्यात माझी सगळी बालपणीची उरलेली कोडी सुटली. लोखंड ओढलं की आतल्या आत थोडं सरकतं, लांबतं, ताण वाटून घेतं. काचेला सरकताच येत नाही. तिला बसलेली ओढ जिथे जरासा ओरखडा असेल त्याच्या टोकाशी जाऊन गोळा होते. आठवडी बाजारात रस्त्यात टेम्पो आडवा लागला की सगळी माणसं त्याच्या कडेनंच घुसतात आणि त्या कोपऱ्यावर चेंगराचेंगरी होते, तसं. टोकाशी ओढ असह्य झाली की काच तिथे उकलते, टोक पुढे सरकतं, तिथे पुन्हा तीच गर्दी, पुन्हा पुढे. म्हणून बशी पाचव्यांदा फुटायची. आधीच्या चार वेळांनी तिला न दिसणारे ओरखडे दिले होते. पाचव्यांदा त्यातला एक ओढीच्या तोंडाशी आला एवढंच. हे कळलं त्या दिवशी मी आईला फोन करून सांगितलं. आई म्हणाली, "मग तू चार वेळा तरी कशाला पाडायचीस?"

असो. पुढच्या वर्षांत मी काच कापायला शिकले, आणि चांगली शिकले. पुण्याहून तयार मापाची टफन, म्हणजे भट्टीत कडक केलेली, काच येऊ लागली तरी जुन्नरमध्ये हातानं काच कापणारी बाई मी एकटीच, आणि हे मी भेटेल त्याला सांगत असते. माझी फुशारकी लोकांना पाठ झाली आहे. ती कशी उतरली तेच सांगायचं आहे, कारण मागच्या पावसाळ्यात मला आयुष्यातला सगळ्यात सुंदर तडा भेटला.

आमच्या दुकानापासून चौथं दुकान कापडाचं. मालक जैन, घराणं मूळचं राजस्थानचं, पण जुन्नरला इतक्या पिढ्या झाल्या की भांडतात ते मराठीतच. आषाढात एके दिवशी शेठ स्वतः आले आणि म्हणाले, वर घरी देवघराच्या दाराची काच तडकलीय, मापं घेऊन जा. नवीन टफन काच बसवायची, आणि तिच्यावर डोंगराचं चित्र पुण्याहून प्रिंट करून आणायचं. मग आवाज खाली आणून म्हणाले, आई तयार नाही, तेवढं तुम्ही तिला समजवा.

त्यांची आई म्हणजे सगळ्या बाजारपेठेच्या काकी. ऐंशीच्या पुढच्या, बारीक चणीच्या, जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी मला देवघरापुढे बसवलं आणि मी मापाची टेप काढायचीच विसरले. सागवानी झडपेत बसवलेली काच, आणि तिच्या आतल्या बाजूनं रंगवलेला पालीताण्याचा, गुजरातेतल्या जैन तीर्थाचा, डोंगर. वळणावळणानं वर जाणाऱ्या पायऱ्या, माथ्यावर पांढऱ्या शिखरांची गर्दी, पायथ्याशी गवत, आणि गवतात उजव्या कोपऱ्यात करंगळीएवढे दोन यात्रेकरू, एक बाई आणि एक पुरुष. काचेवर उलट्या बाजूनं रंगवायचं म्हणजे सगळं उलट करावं लागतं: आधी डोळ्यातली बुबुळं, मग डोळा, मग चेहरा, सगळ्यात शेवटी आभाळ. एकदा रंगवलेलं पुन्हा सुधारता येत नाही. हे काकींनी लग्नानंतरच्या पहिल्या चातुर्मासात रंगवलं होतं, वयाच्या सतराव्या वर्षी. आता त्यांना त्यातली शिखरं दिसत नव्हती, पण कोणतं कुठे आहे ते काचेवर बोट ठेवून सांगता येत होतं.

तडा खालच्या चौकटीपासून निघाला होता, यात्रेकरूंच्या डाव्या अंगाला. चार बोटं लांब, वर चढता चढता किंचित डावीकडे झुकलेला. त्याचा रोख सरळ पहिल्या पायरीकडे होता.

"महिन्याभरापूर्वी एवढासा होता," काकींनी नखाचं टोक दाखवलं. "चालतोय तो. डोंगर चढणार बघ. वरपर्यंत गेला तर काय राहील?"

मी मुलाची बाजू घ्यायला गेले होते. तिथल्या तिथे पक्ष बदलला. म्हटलं, काकी, काच बदलायची नाही. मी थांबवते हा.

आण्णांना घेऊन आले. त्यांनी भिंगातून तपासलं आणि कारण सांगितलं. कुणा सुतारानं कधीतरी चौकट ढिली झाली म्हणून खालून स्क्रू मारला होता. स्क्रू गंजून फुगला, पावसाळ्यात लाकूड फुगलं, आणि दोघांनी मिळून काचेला कोपऱ्यात चिमटीत धरलं. स्क्रू पिळायला जावं तर काचच पिळली जाईल. चौकटीतून काढावी तर हातात दोन तुकडे येतील. आण्णा म्हणाले, हात लावू नको. मी म्हटलं, मला उपाय माहीत आहे.

उपाय खराच आहे, माझ्या मनचा नाही. तड्याच्या टोकाशी गोल भोक पाडायचं. टोक टोकदार असतं म्हणून सगळी ओढ एका बिंदूशी जमते. त्या जागी गोल कड आली की ओढ पसरते आणि तडा अडतो. काकींना मी हे कापडाच्या भाषेत सांगितलं. कापडाला कात्रीनं चीर दिली की पुढे हातानं टर्रकन फाडता येतं ना, तसा हा तडा. आणि चिरेच्या टोकाला भोक पाडलं की... काकींनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "काजाचं टोक गोल ठेवतात तसं. न्हाईतर काज फाटत जातं." कापडवाल्याच्या घरात साठ वर्षं काढलेली बाई ती. मला इतका आनंद झाला की मी त्यांचा हातच धरला.

झडप बिजागऱ्यांतून अलगद काढून गादीवर आडवी ठेवली. कणकेचं आळं करून तड्याच्या टोकाभोवती लावलं, काच तापू नये म्हणून त्यात पाणी भरलं, आणि हिऱ्याच्या बिटानं सावकाश भोक पाडलं. हिरव्या गवतात एक वाटाण्याएवढं भोक. डोंगराला धक्का नाही. झडप पुन्हा बसवली, काकींनी मला मगजाचा लाडू दिला, आणि मी खाली येऊन तीन दुकानांत सांगितलं की तडा थांबवला.

सहाव्या दिवशी काकींचा निरोप आला. तडा भोकाच्या पलीकडे निघाला होता.

मी वर गेले आणि बघून खरोखर रडकुंडीला आले. भोकाच्या वरच्या कडेपासून नवी रेघ, केसासारखी, पहिल्या पायरीच्या दिशेनं. शेठ पुण्याच्या प्रिंटवाल्याचा नंबर शोधत राहिले. आण्णांनी भोक पाहिलं आणि म्हणाले, "गवतात शेळी शिरली व्हती म्हणायचं." मग दुकानात आल्यावर नीट सांगितलं. डोळ्याला तडा जिथे संपलेला दिसतो तिथे तो संपत नाही. खरं टोक इतकं मिटलेलं असतं की उजेडही त्यात थांबत नाही. मी दिसणाऱ्या टोकावर भोक पाडलं आणि खरं टोक पलीकडे मोकळं सोडलं. इतकी वर्षं तड्यांवर भाषणं देणाऱ्या बाईला एवढं कळू नये याचा मला माझाच भयंकर राग आला. दोन दिवस मी गिऱ्हाइकांशी धड बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी राग उतरला आणि त्याच्या जागी कुतूहल येऊन बसलं. हा चालतो कधी? बारीक पेन घेऊन मी रोज काकींकडे जाऊ लागले. सकाळी पूजेच्या आधी एक ठिपका, पूजेनंतर एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. वहीत वेळ लिहायची. आठवड्याभरात वहीनं जे दाखवलं त्यावर माझा विश्वास बसेना. दिवसभर तडा जवळजवळ गप्प. चालायचा तो सकाळी, पूजेआधीच्या आणि पूजेनंतरच्या ठिपक्यांच्या मधे. आणि मध्ये एक दिवस काकींना ताप होता, त्या उठल्या नव्हत्या, पूजा सुनेनं आटोपली होती. त्या दिवशी चारही ठिपके एकावर एक.

काकी रोज पूजेआधी काय करतात? देवघराचं दार पुसतात. ओल्या फडक्यानं. सुनेनं त्या दिवशी घाईत पुसलंच नव्हतं.

मी वही घेऊन रस्त्यानं अक्षरशः पळत दुकानात आले. आण्णा गिऱ्हाइकाच्या फ्रेमला खिळा ठोकत होते. मी धापा टाकत म्हटलं की आण्णा, पाणी, तड्यात पाणी जातंय. ते म्हणाले, बस आधी. पण मला बसवेना. त्यांनाही आठवलं मग: रेघ मारलेल्या काचेला त्यांचे उस्ताद, जुन्नरचेच जुने मुसलमान कारागीर, कधीकधी रेघेवर ओलं बोट फिरवायचे आणि म्हणायचे, आता सोपी जाईल. का ते कुणी विचारलं नव्हतं. का ते मी मोबाइलवर शोधून काढलं. तड्याच्या अगदी टोकाशी काचेचे सांधे ताणून धरलेले असतात, सुटू की नको अशा बेतात. तिथे पाण्याचा कण पोचला की तो सांध्याच्या मधे घुसतो आणि तो सोडवतो. मग पुढचा. जोर स्क्रूचाच, पण गाठ सोडतं ते पाणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काचेला भिंग लावून बसले आणि काकींना म्हटलं, पुसा. फडकं फिरलं. तड्याच्या चंदेरी रेघेत खालून काळसर ओल चढू लागली, भोकाला वळसा घालून वर गेली, टोकापर्यंत पोचली. आणि टोक हललं. माझ्या डोळ्यांसमोर, घड्याळाच्या तासकाट्यासारखं, हलतंय असं वाटू न देता ते पुढे गेलं. मी इतक्या मोठ्यानं ओरडले की काकींच्या हातून फडकं पडलं. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना तिथला कातळ मी शंभर वेळा हात फिरवून पाहिला आहे, पण दगड किंवा काच फुटत असताना, त्या क्षणाच्या आत बसून बघायला मिळेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मग काकींनी विचारलं, काय दिसलं. आणि मी भिंग खाली ठेवलं. कारण सांगायचं काय होतं? की साठ-पासष्ट वर्षं भक्तीनं फिरवलेलं हे फडकंच आता डोंगर तोडायला निघालंय. तरी सांगितलं. खोटं बोलणं मला जमत नाही, लवकर बोलणं मात्र जमतं.

"म्हणजे मीच," त्या म्हणाल्या.

नाही, मी म्हटलं, स्क्रू आहे, चौकट आहे, ओढ त्यांची आहे. पाणी नुसतं वाट सोपी करतं.

"गाळलेलं पाणी घेते मी. तीन वेळा गाळून."

"गाळलेल्यानंही होतं, काकी."

त्यांनी फडकं पिळलं, दांडीवर वाळत टाकलं आणि कपाटातून कोरं, सुकं फडकं काढलं. दुसऱ्या दिवसापासून त्या सुक्यानं पुसू लागल्या. सून मला जिन्यात म्हणाली की आई पुसतात, पण त्यांचं मन भरत नाही, पुन्हा पुन्हा पुसत राहतात. मला वाईट वाटलं. पण वहीतले ठिपके एकमेकांच्या जवळ येऊ लागले होते, आणि खरं सांगायचं तर मी ते बघून आनंदानं उड्या मारत होते.

थांबला मात्र नाही. श्रावणात हवाच ओली. भिंतींना घाम फुटलेला, त्यातलंच पाणी तड्याला पुरत होतं. भाद्रपद संपताना टोक पहिल्या पायरीपासून अंगठ्याएवढं दूर होतं. शेठ म्हणाले, आता तरी नवी काच सांगू का. मी आण्णांकडे गेले आणि पहिल्यांदाच म्हटलं, मला सुचत नाही.

आण्णांनी कटरचं चाक पुसलं. मग म्हणाले, "थांबत न्हाई ना? मग वळवू."

त्यांचे उस्ताद तापलेल्या सळईनं तडा हवा तिकडे न्यायचे, कंदिलाच्या काचा अशाच कापायचे. तड्याच्या टोकाच्या पुढे, थोड्या अंतरावर, गरम टोक टेकवायचं. तापलेला ठिपका फुगतो, भोवतालची थंड काच ताणली जाते आणि तडा त्या उष्णतेकडे येतो. हिरवा चारा दाखवत वासरू न्यावं तसा. आण्णांनी हे पाहिलं होतं, केलं कधी नव्हतं. मी आठ दिवस दुकानातल्या फुटक्या काचांवर सोल्डरिंगची कांडी घेऊन बसले. पहिले तडे भलतीकडे पळाले. कोरडा तडा अडून बसायचा आणि मग एकदम उडी मारायचा, कांडीच्याही पुढे. एकदा वैतागून मी तड्यावर पाण्याचं बोट फिरवलं, आणि तो शहाण्यासारखा हळूहळू, कमी उष्णतेत, कांडीमागून चालू लागला. ज्या पाण्यानं गेले तीन महिने छळलं तेच आता मदतीला आलं. त्या दिवशी मी वीस काचा कापल्या, सगळ्या वेलबुट्टीच्या आकारात, नुसती मजा म्हणून. आण्णा ओरडले नाहीत.

राहिला प्रश्न एवढाच की वळवायचा कुठे. डावीकडे नेला तर वाट लांब, पायऱ्यांचं पहिलं वळण आणि तळं कापत जाणारी. उजवीकडे नेला तर चार बोटं फक्त, सगळं गवत, चित्राला काही लागत नाही. पण मग उजवा कोपरा सुटून येणार, आणि त्या कोपऱ्यात ते दोघे यात्रेकरू. ते डोंगरापासून कायमचे तुटणार. हे मी ठरवायचं नव्हतं. काकींना दोन्ही वाटा त्यांचंच बोट काचेवर फिरवून दाखवल्या.

काकींचं बोट त्या दोघांवर थांबलं. लाल पगडी आणि पिवळी ओढणी. मला इतके दिवस ते कुणीही दोघे वाटले होते. ते काकी आणि त्यांचे यजमान होते. लग्नाच्या पहिल्या वर्षी ठरलं होतं की चातुर्मास संपला की पालीताण्याला जायचं, म्हणून त्यांनी चित्रात आधीच दोघांना पायथ्याशी उभं केलं. मग त्या वर्षी सासरे आजारी पडले, पुढच्या वर्षी पहिलं मूल, मग दुकान, मग दुसरं दुकान. मग यजमानांना अर्धांगाचा झटका आला, आणि मग ते गेले. शेठ दाराशी उभे होते. त्यांनाही हे माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"डोंगर ठेव," काकी म्हणाल्या. "उजवीकडनं ने."

अश्विनात चार दिवस कोरडे मिळाले. झडप पुन्हा गादीवर आली. आण्णा माझ्या उजवीकडे भिंग धरून, शेठ पाय दुमडून भिंतीशी, आणि माझ्या डावीकडे काकी. मला तड्यावर ओल हवी होती. मी म्हटलं, काकी, तुमचं ते फडकं आणा. त्यांनी सुकं फडकं पुढे केलं. मी म्हटलं, आज पाणी हवंच आहे. त्यांनी तीन वेळा पाणी गाळलं, फडक्याचं टोक भिजवलं.

"लावू?"

"लावा."

ओल चढली. मी कांडी टोकाच्या जरा पुढे, उजव्या अंगाला टेकवली. काही झालं नाही. माझा घाम काचेवर पडेल म्हणून आण्णांनी माझ्या कपाळावर रुमाल धरला. मग रेघ थरथरल्यासारखी झाली, डोंगराकडे रोखलेलं तिचं तोंड उजवीकडे झालं, आणि ती वळली. वळली! मी कांडी उचलून पुढे ठेवली, काकींनी फडकं टेकवलं, ती आली. पुन्हा पुढे, पुन्हा पाणी, पुन्हा आली. गवताला मागे बारीक तपकिरी करपट रेघ उमटत होती, तेवढं नुकसान मी मनात मान्य केलं होतं. पगडीच्या वरून गेली. ओढणीच्या वरून गेली. एक बोट उरलं तेव्हा मी कांडी घाईनं पुढे रेटू लागले, तसं आण्णांनी मनगट खालून धरलं. म्हणाले, तू न्हाई ओढायचं, ती येती. मी कांडी काचेच्या कडेला टेकवली. टिक, एवढाच आवाज आला. डोंगर सुटला होता.

मला हसू आणि रडू एकदमच फुटलं. आण्णांनी कोपरा चौकटीतून काढला. स्क्रूचा चिमटा फक्त त्यालाच धरून होता, आता स्क्रू उलटा फिरवल्यावर कोपरा सहज निघाला. मी त्याच्या कडा दगडावर घासून बोथट केल्या आणि तो काकींच्या हातात दिला. तळहाताएवढा तुकडा, एका कडेला माझ्या भोकाची अर्धी गोलाई. रिकाम्या जागी मी दुसऱ्या दिवशी साधी काच बसवणार होते, ते मी सांगू लागले, पण काकींचं लक्ष नव्हतं. त्या तुकड्यावर अंगठा फिरवत होत्या.

"दोघंबी धड आहेत?"

"धड आहेत, काकी."

त्या मुलाकडे वळल्या. "चातुर्मास संपला की कार्तिकी पौर्णिमेला डोंगर यात्रेला उघडतो. बसचं बघ."

शेठ म्हणाले, आई, तुझे गुडघे, हजारो पायऱ्या, तू चढणार कशी.

"मी कुठं चढतीये? मी खाली धर्मशाळेत बसंन. ह्या दोघांना तू वर घेऊन जा. आजपर्यंत काचेत अडकले व्हते, म्हणून राहिलं."

शेठनी आधी हात धोतराला पुसले, मग दोन्ही हात पुढे केले.